जुन्या गाडीचं इंजिन ऑइल : आधी पुस्तक, मग इंजिन, शेवटी दुकान

दहा-बारा वर्षं वापरलेली गाडी विकत घेतली की पहिल्याच आठवड्यात सल्ले सुरू होतात. ‘गाडी जुनी झालीय, आता जाड ऑइल टाका.’ ‘सोलापूरचं ऊन आहे, वीस-पन्नासच बरं.’ ‘सिंथेटिकच्या भानगडीत पडू नका, सगळीकडून गळायला लागेल.’ सांगणारी माणसं अनुभवी असतात आणि मनापासून सांगत असतात. अडचण इतकीच की हा अनुभव बहुतेक वेळा पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या इंजिनांचा असतो. आज ‘जुनी’ म्हणून बाजारात येणारी गाडी २०१० ते २०१८ या काळातली असते. तिच्या इंजिनाची घडण वेगळी, ऑइलच्या वाटा अरुंद आणि गरजाही वेगळ्या.

म्हणून एक सूत्र आधीच सांगतो. ऑइल गाडीच्या वयावरून ठरवायचं नसतं, इंजिनाच्या आजच्या प्रकृतीवरून ठरवायचं असतं. ती प्रकृती नीट कळेपर्यंत गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच ऑइल टाकायचं. त्यापासून बाजूला जायचं तर इंजिनानं तसं कारण दिलेलं असलं पाहिजे, आणि तेव्हाही एकच पायरी सरकायची.

डब्यावरचे आकडे काय सांगतात

डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. हे आकडे ऑइलचा दर्जा सांगत नाहीत, ते फक्त किती जाड किंवा पातळ आहे एवढंच सांगतात. ऑइल थंडीत काकवीसारखं जाड होतं आणि तापलं की पातळ वाहतं. ते दोन्ही टोकांना कसं वागेल हे या दोन आकड्यांवरून कळतं.

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा गारठ्यातल्या वागण्याचा. २०डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे १५ अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला आणि ५डब्ल्यूची उणे ३० ला. सोलापुरात कडाक्याच्या थंडीतही पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपासच थांबतो. म्हणजे गाडी सुरू होण्यापुरतं बोलायचं तर २०डब्ल्यूसुद्धा इथे कधी अडणार नाही. तरीही पहिला आकडा अगदी निरर्थक ठरत नाही. सर्वसाधारण १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंश तापमानाला जितकं जाड असतं, त्याच्या सातव्या भागाइतकंच १०० अंशांना उरतं. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी उभ्या असलेल्या गाडीतलं ऑइलही इंजिनाच्या दृष्टीनं ‘थंड’च असतं. सकाळी स्टार्टर मारल्यावर ते वरच्या कॅमशाफ्टपर्यंत जितक्या लवकर पोचेल, तितकी झीज कमी.

शेवटचा आकडा तापलेल्या ऑइलचा. १०० अंशांना ‘३०’ गटाचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक असावं लागतं, ‘४०’ गटाचं १२.५ ते १६.३ आणि ‘५०’ गटाचं १६.३ ते २१.९. सेंटीस्टोक हे जाडपणाचं माप. यातली एक गोष्ट उपयोगाची आहे : एकाच आकड्याच्या दोन डब्यांमधलं ऑइलही सारखंच जाड असेल असं नाही. एक ‘४०’ ऑइल १३ चं असू शकतं, दुसरं १६ चं. कंपन्या आपल्या ऑइलची माहितीपत्रकं देतात, त्यात हे माप छापलेलं असतं. किंचित जाड ऑइल हवं असेल तर गट न बदलता त्याच गटातलं वरच्या टोकाचं ऑइल निवडता येतं.

ऊन बाहेरचं, तापमान आतलं

‘आपल्याकडे बेचाळीस अंश तापमान, म्हणून जाड ऑइल’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. गाडी चालू झाल्यावर थर्मोस्टॅट कूलंटचं तापमान ९० अंशांच्या आसपास राखतो आणि ऑइलही त्याच्याच मागेपुढे तापतं. बाहेर पंचवीस अंश आहेत की बेचाळीस, यानं आतल्या ऑइलच्या तापमानात काही अंशांचा फरक पडतो. तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण एकदम दोन गट जाड ऑइल टाकावं इतका मोठाही नाही. रेडिएटरचा पंखा वेळेवर फिरतोय का, रेडिएटरच्या जाळीत कचरा आणि किडे अडकलेत का, कूलंटऐवजी नुसतं पाणी भरलंय का, हे आधी पाहा. उन्हाळ्यात इंजिन तापतं ते बहुधा यामुळे.

सोलापूरच्या नवी पेठेत राहणाऱ्याच्या गाडीला उन्हापेक्षा मोठा त्रास आहे तो तोकड्या फेऱ्यांचा आणि गर्दीचा. स्टेशन, सात रस्ता, सिद्धेश्वर मंदिर, सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत. दिवाळीच्या खरेदीत किंवा जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच सरकत असते. अशा फेरीत किलोमीटर दोन मोजले जातात, पण इंजिन वीस मिनिटं चाललेलं असतं. शिवाय ऑइल पुरेसं तापायच्या आतच गाडी बंद होते. इंधन जळताना तयार होणारी वाफ आणि अर्धवट जळालेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. ते उडून जायला ऑइल चांगलं तापावं लागतं आणि तसंच राहावं लागतं. तसं झालं नाही की ऑइल पातळ होतं, त्यात आम्ल वाढतं आणि ऑइलच्या झाकणाखाली मऊ काळपट गाळ धरू लागतो.

आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल मिळतं.  इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि जुन्या गाड्या ई-२० डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या नाहीत. तोकड्या फेऱ्या मारणाऱ्या जुन्या पेट्रोल गाडीचं ऑइल वेळेवर बदलायला हे आणखी एक कारण. आठवड्यातून एकदा तुळजापूर, अक्कलकोट किंवा निदान महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवली तर ऑइलमधला ओलावा निघून जायला मोठी मदत होते.

दुसरा शत्रू धूळ. आपला जिल्हा कमी पावसाचा. वर्षातले सात-आठ महिने रस्त्यावर कोरडी माती उडते. एअर फिल्टर फाटका असेल किंवा त्याच्या डब्याची क्लिप तुटलेली असेल तर ही धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा व बोअर घासते. जगातलं सगळ्यात महाग ऑइलही फाटक्या एअर फिल्टरपुढे हरतं. ऑइलवर खर्च करण्याआधी तो डबा उघडून पाहा.

दुसरी ओळ वाचायला विसरू नका

जाडपणाच्या आकड्याखाली बारीक छपाईत एपीआय या अमेरिकी संस्थेची दर्जाची अक्षरं असतात. ऑइलचा दर्जा कळतो तो इथे. ‘एस’नं सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनासाठी : एसएल २००१ चं, एसएम २००४ चं, एसएन २०१० चं आणि एसपी २०२० चं. पुढचं अक्षर मागच्याचं काम करू शकतं. पुस्तकात एसएल लिहिलं असेल तर एसएन किंवा एसपी बिनधास्त चालतं, फक्त जाडपणा तोच ठेवा. एसजी, एसएफ अशी अक्षरं असलेला डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका; हे दर्जे कधीच मोडीत निघाले आहेत.

‘सी’नं सुरू होणारी अक्षरं डिझेलसाठी : सीएफ-४, सीएच-४, सीआय-४, सीके-४. डिझेलमध्ये काजळी जास्त तयार होते. ती गुठळ्या न होऊ देता ऑइलमध्येच तरंगत ठेवायची ताकद या ऑइलमध्ये असते. म्हणूनच डिझेल गाडीतलं नवं ऑइल पहिल्या पाच-पन्नास किलोमीटरमध्येच काळं दिसतं. काळं दिसलं म्हणून ते खराब झालं असं नाही. ते आपलं काम करतंय.

इथे एक अपवाद लक्षात ठेवा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. त्या गाड्याही आता जुन्या बाजारात आल्या आहेत. त्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, म्हणजे सीके-४ किंवा पुस्तकात दिलेलं युरोपीय ‘सी’ गटातलं. सीआय-४ सारखं जुन्या दर्जाचं ऑइल टाकलं तर त्याची राख डीपीएफमध्ये साचते आणि ती जळून जात नाही. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊन हजारोंचा भाग निकामी होतो.

आणखी एक : दुचाकीच्या डब्यावर ‘जासो एमए’ असं लिहिलेलं असतं. ते ऑइल दुचाकीच्या क्लचचा विचार करून बनवलेलं असतं. घरात उरलंय म्हणून गाडीत ओतू नका, आणि गाडीचं उरलेलं दुचाकीतही नको. दुचाकीचा क्लच घसरू शकतो.

इंजिनाची प्रकृती कशी तपासायची

यासाठी यंत्रं लागत नाहीत. डोळे, कान, नाक आणि एक वही पुरते.

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा. ऑइलची डिपस्टिक म्हणजे गेज काढून पुसा, पुन्हा घाला, मग काढून पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये किंवा वरच्या खुणेजवळ हवी. वरच्या खुणेच्या वर भरणंही वाईट. क्रँकशाफ्ट ऑइलमध्ये फिरून फेस करते आणि फेस वंगणाचं काम करू शकत नाही. बोटावर घेतलेल्या थेंबाला पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय. चहात दूध घातल्यासारखा रंग दिसला तर पाणी शिरलंय, हेडगॅस्केट तपासून घ्या आणि तोवर गाडी चालवू नका. झाकणाच्या आतल्या बाजूला हिवाळ्यात थोडी पिवळसर साय मात्र तोकड्या फेऱ्यांमुळेही धरते. गेजवरचं ऑइल स्वच्छ असेल तर तेवढ्यावरून घाबरू नका.

सकाळी गाडी पहिल्यांदा सुरू करताना मागे कुणालातरी उभं करा. सुरुवातीलाच निळा धूर निघून लगेच थांबला तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत. चालत्या गाडीत पिकअप घेताना निळा धूर येत राहिला तर रिंगांकडे संशय जातो. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून पाहा. आतून धुराचे लोट जोरात येत असतील तर गॅरेजवाले ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ (रिंगांतून खाली निसटणारा दाब) म्हणतात ते आहे. काळा धूर ऑइलचा नसतो, तो जादा इंधनाचा. ऑइल बदलून तो जाणार नाही.

मग वही. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून मीटरचा आकडा लिहा. हजार किलोमीटरनंतर पुन्हा त्याच जागी, त्याच पद्धतीनं पाहा. गेजवरच्या दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत लिटरभराचं असतं. हजार किलोमीटरला पाव लिटर उतरलं तर जुन्या इंजिनाच्या मानानं ठीक. अर्ध्या लिटरच्या पुढे गेलं तर आधी गळती शोधा : चेंबरची पॅकिंग, व्हॉल्व्ह कव्हरची पॅकिंग, ड्रेन बोल्ट, फिल्टरची रबर रिंग. खाली कुठे ओलं नाही आणि तरीही ऑइल कमी होतंय, तर गाडी ऑइल खातेय.

हे सगळं व्यवहार ठरायच्या आधी केलं तर सगळ्यात चांगलं. गाडी बघायला जाताना मालकाला ‘इंजिन गार ठेवा’ असं सांगून जा. विकण्याआधी मुद्दाम फार जाड ऑइल किंवा धूर दाबणारं ॲडिटिव्ह भरून आवाज आणि धूर लपवणारे असतात. तापलेल्या इंजिनात ते कळत नाही, गार इंजिनात कळतं.

जाड ऑइल कधी आणि किती

आता मुख्य प्रश्न. पुस्तकात ५डब्ल्यू-३० आहे, गाडी दीड लाख किलोमीटर चाललीय. जाड टाकायचं का?

तीन गोष्टींपैकी एक तरी दिसत असेल तर विचार करा : गळती नसताना ऑइल सतत कमी होतंय, लांबच्या प्रवासानंतर सिग्नलला थांबल्यावर ऑइलचा दिवा मिचमिचतोय, किंवा तापल्यावर इंजिनाचा खालून येणारा आवाज वाढलाय. दिव्याच्या बाबतीत आधी प्रेशर स्विच आणि खरं प्रेशर तपासून घ्या. आणि दिवा चालत्या गाडीत पेटून राहिला तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तिथून गॅरेजपर्यंत ‘हळूहळू’ नेलेली गाडी पुष्कळदा इंजिन कामालाच निघते.

कारण पटलं तर एकच पायरी चढा. ५डब्ल्यू-३० वरून ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४०. बऱ्याच पुस्तकांत बाहेरच्या तापमानानुसार चालणाऱ्या जाडपणांचा तक्ता असतो. सोलापूरचं तापमान त्यात बसवून पाहा. अनेकदा कंपनीनंच ही पायरी मान्य केलेली दिसेल.

थेट २०डब्ल्यू-५० वर मात्र उडी मारू नका. आजच्या इंजिनात ऑइल फक्त वंगण देत नाही. टायमिंग चेनचा ताण ऑइलच्या दाबावर चालतो. हायड्रॉलिक टॅपेट ऑइलनं भरून राहावे लागतात. व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा बारीक छिद्रांतून येणाऱ्या ऑइलवर हलते. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगते. फार जाड ऑइल या सगळ्यांकडे उशिरा आणि कमी पोचतं. सकाळी टॅपेट जास्त वेळ वाजतात, ॲव्हरेज पडतं, आणि जी झीज थांबवायची होती तीच सुरुवातीच्या मिनिटांत वाढते.

आणि इंजिनात काहीच तक्रार नसेल तर गाडी दोन लाख किलोमीटर चालली असली तरी पुस्तकातलंच ऑइल ठेवा. चांगली राखलेली जुनी गाडी वाईट राखलेल्या नव्या गाडीपेक्षा ठणठणीत असते.

काही ओळखीच्या गाड्या

मारुती ८०० १९८३ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. तिचं आणि ओम्नीचं साधं ७९६ सीसीचं इंजिन २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० वर समाधानी असतं. त्याच कंपनीची २००८ नंतर आलेली के-मालिकेची पेट्रोल इंजिनं वेगळी. त्यांना ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० लागतं. ‘मारुती म्हणजे वीस-चाळीस’ हा हिशेब या गाड्यांना लावू नका.

जुनी इंडिका डिझेल आणि नाशिकला बनणारी जुनी डीआय बोलेरो आपल्या जिल्ह्यात अजून भरपूर आहेत. या इंजिनांना १५डब्ल्यू-४०, सीएच-४ किंवा सीआय-४ दर्जाचं ऑइल योग्य. महाग सिंथेटिकपेक्षा वेळेवर बदललेलं साधं ऑइल आणि दरवेळी नवा फिल्टर त्यांना जास्त मानवतो.

१.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं. बीएस-६ आल्यावर ते बंद झालं, पण जुन्या बाजारात आजही त्याला मागणी आहे. त्यात टर्बो आहे, टायमिंग चेन आहे, हायड्रॉलिक टॅपेट आहेत, आणि ऑइल मात्र तीन-साडेतीन लिटरच मावतं. थोडं ऑइल, खूप काम. म्हणून बदलायला उशीर झाला की चेनवर परिणाम दिसतो. एकच इंजिन वेगवेगळ्या कंपन्यांनी वापरल्यानं प्रत्येकीची शिफारस वेगळी असू शकते. आपल्याच गाडीचं पुस्तक पाहा. महामार्गावरून दामटून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर तसंच चालू ठेवा, म्हणजे टर्बोमध्ये अडकलेलं ऑइल जळून कोळसा होणार नाही.

आणि कुणाकडे प्रीमियर पद्मिनी जपून ठेवलेली असेल तर तिच्यासाठी जुना सल्ला खरा आहे. ही गाडी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली आपल्याच सोलापुरात झाला. १९४४ साली त्यांनी ही कंपनी काढली. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन जुन्या घडणीचं, सपाट टॅपेटचं. कॅम आणि टॅपेट एकमेकांवर थेट घासतात, म्हणून त्यांना ऑइलमधल्या जस्त-फॉस्फरसच्या संयुगाचं संरक्षण लागतं. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस मारक ठरतो, म्हणून नव्या पेट्रोल दर्जांमध्ये पातळ ऑइलमधल्या फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे. ४० आणि ५० गटांवर ती नाही. म्हणून पद्मिनीला चांगल्या कंपनीचं २०डब्ल्यू-५०. तिच्याबाबतीत खरा असलेला हाच सल्ला पुढच्या पिढीच्या गाड्यांना जसाच्या तसा चिकटला.

सीएनजी किंवा एलपीजी किट बसवलेल्या गाडीत ऑइल महिनोन्‌महिने स्वच्छ दिसतं. त्या रंगावर विसंबू नका. गॅसवर काजळी होत नाही, पण ज्वलनाच्या उष्णतेनं ऑइल आतून जुनं होतच असतं. तिथे फक्त किलोमीटर आणि महिने मोजायचे.

मिनरल, सेमी की सिंथेटिक?

सिंथेटिक ऑइल उष्णतेला जास्त टिकतं, गाळ कमी करतं, गार इंजिनात लवकर पोचतं. टर्बो असलेल्या किंवा गर्दीत जास्त चालणाऱ्या गाडीला त्याचा खरा फायदा होतो. ‘सिंथेटिकनं गळती होते’ यात इतकंच तथ्य आहे की वर्षानुवर्षं गाळानं बुजलेली फट ऑइलमधल्या स्वच्छ करणाऱ्या घटकांमुळे उघडी पडू शकते. सील आधीच कडक झालेलं असतं. ऑइल फक्त ते दाखवून देतं. ‘सेमी’ शब्दात सिंथेटिकचा वाटा किती, हे डबा सांगत नाही, त्यामुळे त्या शब्दापेक्षा एपीआयच्या अक्षरांवर विश्वास ठेवा.

पुस्तक मिनरलवर समाधानी असेल आणि तुम्ही पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलणार असाल, तर मिनरल पुरेसं आहे. महाग ऑइल पंधरा हजार किलोमीटर चालवण्यापेक्षा साधं ऑइल वेळेवर बदलणं जुन्या इंजिनाला केव्हाही हिताचं. पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलं असेल, तर नवी पेठेच्या गर्दीत आणि धुळीत चालणाऱ्या गाडीला पाच ते साडेसात हजार, किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी येईल ते धरा. वर्षाला तीनच हजार किलोमीटर चालणारी गाडीही वर्षाला एकदा ऑइल मागतेच.

घेताना आणि बदलताना

ऑइल सीलबंद डब्यातच घ्या, सुटं घेऊ नका. पक्कं बिल मागा. झाकणाची पट्टी अखंड आहे का, बॅच क्रमांक आणि तारीख स्पष्ट छापलीय का ते पाहा. ऑइल तुमच्यासमोर डबा फोडून भरायला सांगा. रिकामा डबा तसाच सोडू नका; त्याला भोक पाडून द्या. नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात भलतंच ऑइल भरून विकणाऱ्यांना तुमचा अखंड डबा हवाच असतो.

दरवेळी ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवा. ऑइल कोमट असताना काढा म्हणजे तळाचा गाळही निघतो. वरून घालायची ‘जादूची’ ॲडिटिव्हं टाळा. चांगल्या ऑइलमध्ये लागणारे घटक मोजून घातलेले असतात आणि वरची भर तो तोल बिघडवते. झाकणाखाली घट्ट गाळ दिसत असेल तर फ्लश करून एकदम सगळा सोडवण्याचा मोह नको. सुटलेला गाळ चेंबरमधल्या जाळीवर बसला की पंपाला ऑइल मिळत नाही. त्याऐवजी दोन-तीन हजार किलोमीटरच्या अंतरानं दोनदा ऑइल-फिल्टर बदला. गाळ बेतानं निघतो.

प्रवासात ऑइल कमी पडलं आणि आपली कंपनी मिळाली नाही, तर त्याच जाडपणाचं आणि दर्जाचं दुसऱ्या चांगल्या कंपनीचं घातलं तरी चालतं. एपीआयच्या दर्जाची ऑइल एकमेकांत मिसळावीच लागतात, तशी चाचणीच असते. कोरडं इंजिन चालवण्यापेक्षा मिसळलेलं ऑइल लाख पटीनं बरं. गाडी ऑइल खात असेल तर एक लिटर डिक्कीत ठेवूनच पंढरपूर-गाणगापूरला निघा.

काढलेलं जळकं ऑइल गटारात, मोकळ्या जागेत किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या म्हणण्यानुसार एका गाडीतून एका वेळी निघालेलं ऑइल सुमारे ३८ लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं. पाण्याची किंमत सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको. आपल्या कायद्यातही हा घातक कचरा आहे. अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला ऑइल देणारं गॅरेज निवडा आणि तसं विचारायला संकोचू नका.

पहिल्या तीन महिन्यांचा क्रम

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात पुस्तकातलं ऑइल आणि नवा फिल्टर. आधीच्या मालकानं ‘आत्ताच बदललंय’ सांगितलं तरी, बिल नसेल तर बदलाच. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि वर्ष घालून ते बहुधा मिळतं. नाहीतर अधिकृत सर्व्हिस सेंटरला चासी नंबर सांगून विचारा. त्याच दिवशी एअर फिल्टर, कूलंट आणि पंखा तपासा आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा.

पहिल्या महिन्यात दर रविवारी सकाळी गेज बघा. हजार किलोमीटरला किती ऑइल उतरलं ते लिहा. दोन-तीन हजार किलोमीटर झाले की दुसऱ्यांदा ऑइल बदला, आणि निघालेलं ऑइल कसं दिसतंय ते स्वतः उभं राहून पाहा. त्यात चमकणारे धातूचे कण असतील तर प्रश्न ऑइलचा राहिलेला नाही, इंजिन उघडायचा आहे. तिथे कुठलंही जाड ऑइल फक्त वेळ काढतं आणि पुढचा खर्च वाढवतं.

तीन महिन्यांनी वही उघडा. पातळी जागच्या जागी, धूर नाही, दिवा नाही? मग पुस्तकातलं ऑइल हेच तुमचं ऑइल. पुन्हा कुणाला विचारू नका. ऑइल उतरतंय, गळती नाही? मग एक पायरी जाड, आणि पुन्हा हजार किलोमीटर मोजणी. तरीही उतरतच असेल तर व्हॉल्व्ह सील आणि कॉम्प्रेशन तपासायची वेळ झाली. हे कळल्यावर मेकॅनिकशी बोलताना तुमच्या हातात आकडे असतील, आणि ऐकीव सल्ल्यापेक्षा तेच तुमच्या गाडीचं आयुष्य वाढवतील.